मोटारींचे शहर आणि बसमधला माणूस

२०२४ च्या उन्हाळ्यात मी लॉस एंजेलिसला मुलीकडे जाऊन चार महिने राहिलो. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, हाताशी वेळ होता, आणि तीस वर्षे तालुक्याच्या गावी भूगोल शिकवल्यामुळे नकाशावरचे शहर प्रत्यक्ष पाहण्याची हौसही होती. पहिल्याच संध्याकाळी मुलगी म्हणाली, "दादा, या गावात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. मी कामावर गेले की तुम्ही घरातच वाचत बसा. शनिवार-रविवार मी तुम्हाला फिरवून आणीन." मला मोटार चालवता येत नाही. सायकलच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खालच्या मोटारी मोजायच्या!

तीन दिवस मोजल्या. चौथ्या दिवशी ध्यानात आले की या मोटारींच्या मधून थोड्या थोड्या वेळाने एक लांबलचक नारिंगी बस जाते, आणि ती माणसांनी भरलेली असते. ज्या गावात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्या गावात ही एवढी माणसे चालली कुठे? हा प्रश्न घेऊन मी जिना उतरलो. पुढले जवळजवळ चार महिने मी ते शहर बसने हिंडलो, आणि जे पाहिले त्याच्या मागचे काय आहे ते तिथल्या ग्रंथालयात बसून वाचले. ते येथे मांडतो आहे. हे प्रवासवर्णन नव्हे. अमेरिकेची प्रवासवर्णने मराठीत पुष्कळ झाली, आणि त्यांतली बहुतेक मोटारीच्या काचेतून लिहिलेली आहेत.

वाहन ही साधी गोष्ट नव्हे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले. सातारा जिल्ह्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे त्यांना जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, ती अशा अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. पुढे १९२९ मध्ये, बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाल्याने अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला आपल्याच वस्तीतला अननुभवी माणूस बसला, मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे दोन्ही प्रसंग लिहून ठेवले आहेत. दोन्ही ठिकाणी गाडी होती, जनावर होते, रस्ता होता. नव्हता तो हाकणारा.

मी स्वतः लहानपणी पहिल्यांदा एसटीत बसलो तेव्हा कंडक्टरने जात विचारली नाही, पैसे विचारले. माझ्या शेजारी जो बसला होता त्याच्या घराच्या ओट्यावर मला चढता येत नव्हते. बसच्या बाकावर मात्र त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तो काही करू शकला नाही, कारण पुढे गर्दी होती. ही आठवण मनात असल्यामुळे असेल, परक्या शहरातही मला बसमध्ये परके वाटले नाही.

आता त्या शहराबद्दल. लॉस एंजेलिस शहराचे क्षेत्रफळ सुमारे बाराशे चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. आणि वस्ती सुमारे अडतीस लाख, म्हणजे मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय हे शहर ज्या काउंटीत आहे (काउंटीला आपला जिल्हा म्हणू) तिच्यात लहानमोठी ८८ शहरे एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि सगळी मिळून कोटीच्या घरात माणसे राहतात. बैठी घरे, पुढे अंगण, मागे मोटारीची खोली. दुकान घरापासून दूर, शाळा दुकानापासून दूर, काम सगळ्यांपासून दूर. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला हे अंतर जाणवत नाही. ज्याच्याकडे नाही, त्याला मात्र तो दिवसातून चार वेळा गावकुसाबाहेर आहे याची आठवण होते.

पण या शहराच्या रचनेतच बसवाल्याच्या सोयीची एक गोष्ट आहे, आणि ती मोटारवाल्यांना ठाऊक नसते. शहराचा मधला आणि दक्षिणेचा बराचसा भाग बुद्धिबळाच्या पटासारखा आखलेला आहे. दक्षिणोत्तर लांब रस्ते: वेस्टर्न, नॉर्मंडी, व्हर्माँट, फिगेरोआ, सेंट्रल. पूर्वपश्चिम तसेच: विल्शर, स्लॉसन, फ्लॉरेन्स, मँचेस्टर, सेंच्युरी, इम्पीरियल. मोठ्या रस्त्यांमध्ये बहुधा अर्धा-एक मैलाचे अंतर, आणि यांतल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावरून एक बस या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते. तेव्हा आपल्याकडे करतो तशी 'अमुक ठिकाणी जाणारी बस कोणती?' ही चौकशी इथे करायची नसते. आपल्याला किती दक्षिणेला आणि किती पूर्वेला जायचे आहे एवढे पाहायचे, एक उभी बस धरायची, चौकात उतरून एक आडवी बस धरायची. वॉट्स नावाच्या वस्तीला मी असाच गेलो: वेस्टर्नवरून २०७ नंबरची बस दक्षिणेला, सेंच्युरीच्या चौकात उतरून ११७ नंबरची पूर्वेला. नकाशा एकदा डोक्यात बसला की वेळापत्रकाची फारशी गरज पडत नाही. भूगोलाच्या मास्तराला याहून काय हवे?

अर्थात पहिल्या दिवशी भूगोलाचा हा मास्तर चुकीच्या बाजूच्या थांब्यावर उभा राहिला आणि तीन-चार मैल उलट दिशेला गेला. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे मला पाठ होते, पण पायांना पाठ नव्हते.

भाड्याचेही सांगतो, कारण त्यात एक अर्थशास्त्र आहे. एका प्रवासाचे भाडे पावणेदोन डॉलर. टॅप नावाचे प्लास्टिकचे कार्ड यंत्राला टेकवले की पैसे वळते होतात आणि पुढले दोन तास त्याच दिशेने बस किंवा गाडी बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत. उभी-आडवी बस धरण्याची पद्धत या सवलतीशिवाय गरिबाला परवडलीच नसती. पूर्वी महिन्याचा पास शंभर डॉलरला होता. ज्याच्याजवळ एक तारखेला शंभर डॉलर एकरकमी असत तो स्वस्तात फिरे. ज्याच्याजवळ नसत तो रोज सुटे पैसे देऊन महिन्याअखेर शंभराहून जास्त देई. गरिबाला गरिबीच महाग पडते, हे किराणा दुकानात पावशेर तेल घेणाऱ्या आपल्या बायकांना पक्के माहीत आहे. २०२३ पासून तिथे अशी व्यवस्था झाली की कार्डावर दिवसाला पाच आणि सात दिवसांत अठरा डॉलर कापले गेले की पुढचा प्रवास फुकट. पास आधी विकत घ्यायचा नाही. तो वापरता वापरता आपोआप होतो. मात्र डब्यात रोख नाणी टाकणाऱ्याला हा लाभ नाही, आणि रोख नाणी टाकणारे बहुधा सगळ्यांत गरीब असतात.

बसने फिरताना आणखी एक गोष्ट मला उमगली. मोटारवाला वेगाचा विचार करतो, बसवाल्याने फेऱ्यांमधल्या अंतराचा विचार करायचा असतो. बस दर दहा मिनिटांनी असेल तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटे उभे राहावे लागते. दोनदा बस बदलली तरी तीन वेळा पाच, म्हणजे पंधरा मिनिटे गेली. तीच बस तासाने असेल तर एका वेळचे सरासरी उभे राहणे अर्धा तास, आणि दोनदा बदलायची झाली तर दीड तास नुसता थांब्यावर. बस कितीही जोरात धावली तरी हा दीड तास भरून निघत नाही. म्हणून एखाद्या वस्तीला 'बस आहे' असे कागदावर म्हणून चालत नाही. किती वेळाने आहे, रात्री दहानंतर आहे काय, रविवारी आहे काय, हे विचारले पाहिजे. कारखान्यातली दुसरी पाळी रात्री सुटते. इस्पितळाची फरशी रात्रीच पुसली जाते. २०२०-२१ मध्ये तिथल्या बसमार्गांची नव्याने मांडणी झाली. थोडे थांबे घेणाऱ्या जलद बसच्या बहुतेक मार्गिका साध्या बसमध्ये मिळवून टाकल्या आणि मुख्य रस्त्यांवर दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बस देण्याचे धोरण ठरले. माझ्या खिडकीखालून थोड्या थोड्या वेळाने बस का जात होती, याचे उत्तर मला असे मिळाले.

थांब्यावरच्या सावलीचेही असेच. ऑगस्टमध्ये तिथे ऊन आपल्या मराठवाड्यासारखे नसले तरी बारा वाजता उघड्या फुटपाथवर उभे राहवत नाही. बहुतेक थांब्यांना छप्पर नाही. २००१ मध्ये शहराने वीस वर्षांचा एक करार केला होता: थांब्यांवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून छपरे बांधायची. आता जाहिरात कुणासाठी लावतात? जो मोटारीतून जाताना पाहील त्याच्यासाठी. तेव्हा ज्या रस्त्यावर पैसेवाल्यांच्या मोटारी जास्त, तिथे छप्पर होण्याची शक्यता जास्त. जिथे बसची वाट पाहणारे जास्त, तिथे होईलच असे नाही. यात कुणी दुष्ट बसलेला नाही. हिशेबच असा मांडला की सावली उन्हात उभ्या असलेल्याच्या डोक्यावर पडणार नाही.

आता बसमधली माणसे. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, मेक्सिकोहून आलेल्या बायका, कृष्णवर्णीय म्हातारे, कोरियन आजी, हातात भाजीची ढकलगाडी, शाळेची पोरे. गोरा माणूस क्वचित. व्हर्माँटच्या बसमध्ये सकाळी सहाला मला एक बाई नेहमी भेटू लागली. ती विल्शरला उतरून ७२० नंबरची बस धरते आणि बेव्हर्ली हिल्सला जाते. तिथल्या एका घरी ती दोन मुले सांभाळते. बस खालच्या मोठ्या रस्त्यावर सोडते. वर टेकडीवरच्या बंगल्यापर्यंत ती पायी चढते. तिला स्पॅनिश येते, मला येत नाही. दोघांनाही मोडके इंग्रजी येते. मोडक्या इंग्रजीत माणसे खोटे कमी बोलतात असा माझा अनुभव आहे. तिने पहिल्यांदा काम मागितले तेव्हा मालकिणीचा पहिला प्रश्न होता, "तुझ्याकडे गाडी आहे?" तिने हो म्हणून सांगितले. आजही ती बंगल्याच्या वळणावर क्षणभर थांबून घाम पुसते आणि मग आत जाते, म्हणजे ती चालत आली हे कळू नये. मोटार नसणे हा तिथे कलंक आहे आणि तो लपवावा लागतो. आडनाव बदलून शहरात खोली मिळवणाऱ्या आपल्या मुलांची मला त्या क्षणी आठवण झाली.

हे शहर असे का झाले? लोक एक गोष्ट हमखास सांगतात. पूर्वी इथे लाल रंगाच्या विजेच्या ट्रामगाड्यांचे जगातले मोठे जाळे होते. मोटार, टायर आणि तेलाच्या कंपन्यांनी कट करून ते मोडले. या गोष्टीत तथ्य आहे, पण गोष्ट अपुरी आहे. नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीने १९४५ मध्ये शहरातल्या पिवळ्या ट्रामची कंपनी घेतली. तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन यांचा पैसा होता. १९४९ मध्ये बस आणि बसचे सामान विकण्याची मक्तेदारी करण्याचा कट केल्याबद्दल त्यांना न्यायालयात दोषी ठरवून कंपन्यांना पाच पाच हजार डॉलर आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक डॉलर दंड झाला. एक डॉलर! पण लाल गाड्यांची पॅसिफिक इलेक्ट्रिक ही कंपनी वेगळी होती, आणि तिचा जन्मच मुळी प्लॉट विकण्यासाठी झाला होता. हेन्री हंटिंग्टन या धनिकाने माळरानातून रूळ टाकले ते माळरान विकता यावे म्हणून. प्लॉट विकून झाले, गाड्यांत फायदा उरला नाही, रस्त्यांवर मोटारींची गर्दी होऊन गाड्या अडू लागल्या, आणि कुणी त्यांची देखभाल केली नाही. लाँग बीचची शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये बंद झाली, शहरातली शेवटची पिवळी ट्राम १९६३ मध्ये.

लाल गाडीची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत असे मला वाटते. एक, ते रूळ मेक्सिकन मजुरांनी टाकले. १९०३ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला आणि तो मोडला गेला. दुसरी, अशा माळरानांवर उठलेल्या कित्येक वसाहतींच्या खरेदीखतांत अट लिहिलेली असे की हा प्लॉट गोऱ्याखेरीज कुणाला विकता येणार नाही. अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तोवर शहराची घडी बसून गेली होती. लाल गाडी ज्या वस्तीला नेत होती, तिथे उतरण्याचा हक्क सर्वांना होता, राहण्याचा नव्हता.

मग आले फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेले रुंद हमरस्ते. ते कुठून काढायचे? जमीन जिथे स्वस्त तिथून. आणि जमीन स्वस्त कुठे? १९३० च्या दशकात घरकर्जाच्या सरकारी नकाशांवर ज्या वस्त्या लाल रंगाने रंगवून कर्जास अपात्र ठरवल्या होत्या तिथे. पूर्वेकडच्या बॉइल हाइट्स या मेक्सिकन आणि ज्यू कामगारांच्या वस्तीत अनेक फ्रीवे एकत्र येऊन गाठ पडली. सांता मोनिका फ्रीवेने शुगर हिल ही सुखवस्तू कृष्णवर्णीयांची वस्ती कापून काढली. म्हणजे काळ्या माणसाने शिकून, पैसा मिळवून, न्यायालयात लढून चांगले घर घेतले तरी त्याच्या दारातून रस्ता काढता येतो. बेव्हर्ली हिल्समधूनही एक फ्रीवे जायचा होता. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि १९७० च्या दशकात तो आराखड्यातून गळाला. मी जेव्हा त्या बाईबरोबर ७२० नंबरच्या बसमध्ये सिग्नलमागून सिग्नल थांबत जात होतो, तेव्हा तो गळालेला फ्रीवे माझ्या मनात होता.

वॉट्समध्ये ११ ऑगस्ट १९६५ रोजी उद्रेक झाला. सहा दिवसांत चौतीस माणसे मेली. सुरुवात झाली ती महामार्ग पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची मोटार अडवण्यातून. म्हणजे मोटार हाती आली तरी सुटका नव्हतीच. नंतर नेमलेल्या मॅकोन आयोगाने त्या वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. त्यात इतर कारणांबरोबर एक कारण असे नोंदले आहे की या भागातली बससेवा अपुरी आणि महाग आहे, आणि त्यामुळे लोकांना काम शोधणे, टिकवणे, शाळेत जाणे, बाजारहाट करणे कठीण होते. बंडाच्या कारणांत बसचे वेळापत्रक! मला हे वाचून आश्चर्य वाटले, आणि मग आश्चर्य वाटल्याचे आश्चर्य वाटले. जवळपास मोठे इस्पितळही नव्हते. ते उद्रेकानंतर, १९७२ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने उभे राहिले; २००७ मध्ये बंद पडले आणि २०१५ मध्ये लहान स्वरूपात पुन्हा उघडले.

त्या इस्पितळाजवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव विलोब्रुक/रोझा पार्क्स असे आहे. लाँग बीचला जाणारी ए मार्गिका, जी १९९० मध्ये बऱ्याच अंशी जुन्या लाल गाडीच्याच वाटेवर सुरू झाली, आणि फ्रीवेच्या मधोमध धावणारी सी मार्गिका इथे एकमेकींना छेदतात. रोझा पार्क्स यांची गोष्ट आपल्याकडे भाषणांत नेहमी येते, पण बहुधा चुकीची सांगितली जाते. १ डिसेंबर १९५५ रोजी त्या गोऱ्यांच्या बाकावर जाऊन बसल्या नव्हत्या. त्या कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या भागातच बसल्या होत्या. गोरे प्रवासी वाढले म्हणून चालकाने तो भागच मागे सरकवला, आणि त्या उठल्या नाहीत. म्हणजे सीमा हलती होती, आणि हलवण्याचा अधिकार एकाच बाजूला होता. त्यानंतर माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. घरकाम करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालल्या, मंडळींनी एकमेकांना मोटारींतून पोहोचवले. तो बहिष्कार चालू असतानाच इकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

रोझा पार्क्स बसच्या पुढल्या भागासाठी लढल्या. त्यांच्या नावाच्या स्थानकावर उभे राहिल्यावर मला जो प्रश्न पडला तो यापुढचा आहे: बस आलीच नाही तर पुढे बसण्याच्या हक्काचे काय करायचे? आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्त्यांच्या वापराचाही उल्लेख आहे. रस्ता सर्वांना खुला झाला. पण रस्त्यावरून जायला लागणारे साधन ज्याच्याकडे नाही त्याला तो कितपत खुला आहे?

हा प्रश्न लॉस एंजेलिसच्या बसमधल्या माणसांनी न्यायालयात नेला, आणि या लेखात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते हेच. १९९४ मध्ये काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने बसभाडे एक डॉलर दहा सेंटवरून एक डॉलर पस्तीस सेंट करायचे आणि बेचाळीस डॉलरचा महिन्याचा पास रद्द करायचा, असा ठराव केला. त्याच काळात उपनगरांकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गांवर कोट्यवधी डॉलर खर्च होत होते. तिथल्या कार्यकर्त्यांनी बस रायडर्स युनियन म्हणून बसप्रवाशांची संघटना उभारली होती. जरा विचार करा, ज्यांचा एकमेकांशी संबंध फक्त एका बाकापुरता, त्यांची संघटना कशी बांधायची? कारखान्याला फाटक असते, वस्तीला चावडी असते; बसला काय असते? या मंडळींनी बसलाच चावडी केले. पिवळे सदरे घालून ते गर्दीच्या बसमध्ये चढत आणि स्पॅनिश, इंग्रजी, कोरियन अशा भाषांत उभ्याउभ्याच सभा घेत.

त्यांनी दावा लावला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशावरून भेदभाव करता येणार नाही, असे ते प्रकरण सांगते. बसचे प्रवासी बहुसंख्य काळे, लॅटिन अमेरिकन आणि आशियाई. रेल्वेकडे वळणारा पैसा त्यांच्या भाड्यातून आणि करातून येणारा. तेव्हा हा दोन वंशांना दिलेला वेगळा न्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. एनएएसीपीच्या कायदा निधीचे वकील उभे राहिले. न्यायालयाने भाडेवाढीला तात्पुरती स्थगिती दिली आणि १९९६ मध्ये दोन्ही पक्षांत दहा वर्षांचा करार होऊन त्यावर न्यायालयाची मोहोर उमटली. महिन्याचा पास वाचला, अकरा डॉलरचा आठवड्याचा पास मिळाला. आणि एक कलम असे होते, जे मला फार मोलाचे वाटते: त्रेचाळीस आसनांच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी सरासरी किती माणसे उभी असावीत याचा आकडा ठरवला गेला. १९९७ अखेर पंधरा, २००० मध्ये अकरा, २००२ मध्ये आठ. त्याहून जास्त उभी असतील तर प्राधिकरणाने जादा बस घालायची.

प्रतिष्ठा, समता, माणुसकी हे शब्द आपण सभांतून वापरतो. ते वापरलेच पाहिजेत. पण 'आठाहून जास्त माणसे उभी राहता कामा नयेत' ही मागणी मोजता येते. वही घेऊन बसमध्ये चढलेली कुणीही बाई ती मोजू शकते, आणि त्यांनी मोजली. आकडे पाळले जात नाहीत असे दिसले तेव्हा १९९८ मध्ये 'आसन नाही तर भाडे नाही' ही मोहीम झाली. १९९९ मध्ये जादा बस घेण्याचा आदेश निघाला, प्राधिकरण अपिलात गेले, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील ऐकायला नकार दिला. या काळात जुन्या डिझेल बस जाऊन नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या नव्या बस मोठ्या संख्येने आल्या.

या चळवळीची एक बाजू मला पटत नाही, तीही सांगतो. रेल्वे म्हणजे गोऱ्यांची आणि बस म्हणजे काळ्यांची, अशी वाटणी तिच्या काही प्रचारात येऊन बसली. मी ए मार्गिकेने वॉट्स आणि कॉम्प्टनमधून गेलो. त्या डब्यात बसमधलीच माणसे होती. लांबच्या अंतरासाठी रूळ हवेतच. पैसा कुठून काढून कुठे लावला, हे विचारायचे. लोखंडाला जात चिकटवायची नाही.

करार २००६ मध्ये संपला. पुढल्याच वर्षी भाडी वाढली. पुन्हा तसाच दावा का लावला नाही? कारण २००१ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात (अलेक्झांडर विरुद्ध सॅन्डोव्हाल) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सहाव्या प्रकरणाखाली खाजगी व्यक्तीला दावा लावायचा तर भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागेल. परिणाम भेदभावाचा झाला एवढे दाखवून चालणार नाही. आणि गंमत पाहा, तो खटला कशाबद्दल होता? मोटार चालवण्याच्या परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीतच घेण्याबद्दल. थांब्यावर छप्पर का नाही, वस्तीला रात्री बस का नाही, यामागे कुणाचा हेतू होता हे कागदावर कधी सापडत नाही. परिणाम मात्र रोज उन्हात उभा असतो. आपल्याकडे शिष्यवृत्ती उशिरा येते, वस्तीचा रस्ता दर वर्षी 'पुढल्या टप्प्यात' जातो, तेव्हाही असेच उत्तर मिळते की यात कुणाचा वाईट हेतू नाही. हेतू आणि परिणाम यांतला हा फरक आपल्या वकिलीच्या विद्यार्थ्यांनी मुळातून अभ्यासावा.

मी परत आल्यावर, ९ मे २०२५ पासून, मुंबईत बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. तिकडे पंचवीस सेंटांसाठी, म्हणजे चौथाईहूनही कमी वाढीसाठी, दहा वर्षांचा लढा झाला होता. इकडे भाडे दुप्पट झाले. बसमध्ये उभ्या असलेल्यांची मोजणी करायला वही फार मोठी लागत नाही.

एक दिवस मी सेंट्रल अव्हेन्यूवरून जाणारी ५३ नंबरची बस धरून एक्केचाळिसाव्या रस्त्याच्या चौकात उतरलो. ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, त्यांची इथे कचेरी होती. ८ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तिच्यावर छापा घातला आणि कित्येक तास गोळीबार चालला. मी गेलो तेव्हा तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. फुटपाथवर एक म्हातारा कृष्णवर्णीय गृहस्थ बसची वाट पाहत उभा होता. त्याला विचारले, तर त्याने हाताने जागा दाखवली आणि म्हणाला, "उशीर केलात." मग आम्ही दोघे एकाच बसने परत फिरलो.

निघायच्या आदल्या आठवड्यात व्हर्माँटच्या बसमध्ये ती बाई भेटली. मी जाणार आहे म्हटल्यावर तिने विचारले, "तुमच्या गावी बसमध्ये कोण बसते?" मी म्हटले, पूर्वी सगळेच बसायचे. आता ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो बसत नाही. म्हातारी माणसे, बायका आणि शाळेची पोरे बसतात. ती म्हणाली, "मग इथल्यासारखेच की." विल्शरचा चौक आला. तिने पिशवी खांद्याला लावली, मला हाताने निरोप दिला, आणि रस्ता ओलांडून ती ७२० च्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. तिथे आधीच दहा-बारा माणसे होती.